आत्याबाईंचं आडवं दार

म्हैसूर शहरात कमरेच्या वर पुतळा आणि कमरेच्या खाली वादळ अशी एकच बाई आहे, आणि ती माझ्या नवऱ्याची आत्या आहे. हे मी कौतुकाने सांगते असं नाही. लग्न होऊन साताऱ्याहून कुवेंपुनगरात आले तेव्हापासून रोज बघते आहे म्हणून सांगते. आत्याबाई आयर्लंडचा नाच करतात. दोन्ही हात अंगाशी सरळ, मान ताठ, चेहरा रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा, आणि पाय मात्र गरम तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखे. त्या आयुष्यात बंगळूरच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. आयर्लंडच त्यांच्याकडे आलं. तरुणपणी त्या एका कॉन्व्हेंट शाळेत शिवण आणि ड्रिल शिकवायला लागल्या, तेव्हा तिथल्या एक आयरिश सिस्टर स्नेहसंमेलनासाठी मुलींचा नाच बसवत. मुलींना जमेना, शिवणाच्या बाईंना जमलं. पुढे सिस्टर मायदेशी गेल्या आणि नाच आमच्या घरी राहिला.

घरी राहिला म्हणजे अक्षरशः. मी नवी नवरी म्हणून आले तर आत्याबाईंच्या खोलीला दार नव्हतं. ते हॉलमध्ये जमिनीवर आडवं पडलं होतं आणि त्यावर आत्याबाई उभ्या होत्या. मला वाटलं, सुताराला बोलावलं असेल. आत्याबाई म्हणाल्या, "सुतार कशाला? तिकडे घरात जमीन मातीची, अल्वा, हो की नाही? मातीत पाय वाजतो का? म्हणून लोक घराचं दार काढायचे, खाली टाकायचे आणि त्यावर नाचायचे. नाच झाला की परत लावायचं." आमच्याकडे परत लावणं तेवढं होत नसे. शेवटी मी पुढाकार घेऊन दार उचलून काढता येईल अशा बिजागऱ्या बसवून घेतल्या, आणि दार नसताना लावायला एक जाड पडदा शिवून घेतला. तरी माझा भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा त्या पडदा लावलेल्या चौकटीसमोर हात वर करून बराच वेळ उभा होता. टकटक कशावर करावी हे त्याला कळत नव्हतं.

रांग दिसली की त्यांना नाच सुचतो. दुधाच्या बूथवर, बसथांब्यावर, दवाखान्यात. वरून बाई स्वस्थ, खाली साडीच्या काठाला धाप लागलेली. एकदा एका रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, "अज्जी, कालु नोव्वा?" पाय दुखतो का म्हणून. "नोवु इल्ला कणप्पा, दुखतबिखत नाही," आत्याबाई म्हणाल्या, "हा रील. जिग वेगळा. थांब, दाखवते." तो मीटर टाकायचा विसरला, आणि आत्याबाईंनी उतरताना त्याला नीट हिशेबाने दोन्हींतला फरक पुन्हा समजावला. रील म्हणजे सरळ चारांत धावणारी चाल, जिग सहांत हिंदकळणारी. मऊ बुटांचा नाच हवेतला, कडक बुटांचा नाच जमिनीवरचा. ही माहिती आमच्या प्लंबरला आहे, गॅस आणणाऱ्याला आहे, आणि माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मंडळींनाही पोहे संपेपर्यंत झालेली होती. लग्न जमलं, ते या माहितीमुळे की माहितीला न जुमानता, हे अजून कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या मुलींचा वर्ग काढला. शिकवण्याची पद्धत कडक. प्रत्येकीच्या काखेत एकेक लिंबू. हात हलला की लिंबू पडणार, पडलं की त्याचं सरबत होणार आणि ते न पडलेल्यांना मिळणार. पण मुलींचा डाव्या-उजव्याचा घोटाळा काही संपेना. तेव्हा आत्याबाईंना तिकडच्या नाचमास्तरांची आठवण झाली. पूर्वी हे मास्तर गावोगाव हिंडून नाच शिकवत. खेड्यातल्यांना डावं-उजवं सांगून कळत नसे, म्हणून एका पायाला गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधत, असं सिस्टर सांगायच्या. आत्याबाईंनी जवळच्या वरुणा गावाहून दूध घेऊन येणाऱ्याला सांगून भाताचा पेंढा आणि उसाचं पाचट मागवलं. "पेंढा, पाचट! पेंढा, पाचट!" असा वर्ग रस्त्यावर सुरू झाला. सगळं छान चाललं होतं. फक्त समोरच्यांची गाय सुटली आणि तिने पहिल्या रांगेचे डावे पाय खायला घेतले. मुली किंचाळत पळाल्या. आत्याबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "बघा," त्या गायीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिला डावं बरोब्बर कळलं."

हात खाली का, असं कुणीही विचारतं. आत्याबाईंकडे याची बरीच उत्तरं आहेत आणि त्या माणूस बघून देतात. धार्मिक माणसाला सांगतात, पाद्र्यांना हातवारे आवडत नसत. लहान घरातून आलेल्याला सांगतात, खोली एवढीशी, माणसं तेवढी, हात पसरायचे कुठे? ड्रिलच्या मास्तरांना सांगतात, ही शिस्त. मी एकदा कामं आटोपून बसले होते तेव्हा विचारलं, "आत्याबाई, यातलं खरं कुठलं?" त्या म्हणाल्या, "खरं कुणालाच ठाऊक नाही गं. सिस्टरांनाही नव्हतं. सुम्ने, उगीच सांगायचं, आपलं बरं असतं."

एकच माणूस असा होता की ज्याने हा प्रश्न विचारला तो उत्तरासाठी नव्हे. ते माझे सासरे, आत्याबाईंचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना मामंजी म्हणतो, आत्याबाई अण्णा. आमच्या घराण्याचा धंदा शिवणकामाचा. जुन्या गावात विठ्ठलाच्या देवळासमोर मामंजींचं दुकान आहे. कॉन्व्हेंटातल्या नाचाचे झगे वर्षानुवर्षं त्यांनीच शिवले. त्यांवर एकात एक गुंतलेल्या वेलांचं भरतकाम असे. टोक सापडू नये असं. ते मामंजी सणाची रांगोळी काढावी तितक्या मनापासून करत. पण एकाही वर्षी नाच बघायला गेले नाहीत. म्हणत, "पांडुरंगापुढे माणूस हात वर करून नाचतो. हात खाली बांधून नाचायचं म्हणजे काय, पोलिसांची परेड?" घरात दार आडवं झालं की मामंजी पिशवी उचलून दुकानात जात.

मग आत्याबाईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी दोन्ही बदलायचे ठरवले आणि सांगितलं, त्यानंतर उड्या बंद. दवाखान्याची पिशवी मी भरत होते, टॉवेल, औषधं, फाईल, तेव्हा आत्याबाई पलंगावर बसून म्हणाल्या, "गुडघा काय, बदलू दे. आयतु, झालं. पण अण्णाने एकदा बघायला पाहिजे होतं, अल्वा?" आणि लगेच म्हणाल्या, "ती फाईल खाली ठेवू नकोस, वर ठेव."

मी फाईल वर ठेवली आणि कामाला लागले. देवळाचा वर्धापनदिन ऑपरेशनच्या आधी येत होता. संध्याकाळी बायकांचे कार्यक्रम असतात, मामंजी तिथे कमिटीत असल्यामुळे हजर असतातच. मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "नाचू द्या की वहिनी. फक्त देवळात बूट नकोत." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्याबाईंनी देवळात येऊन अनवाणी करून बघितलं. देवळाची जमीन दगडी. पोळी लाटल्याइतकाही आवाज येईना. त्या थांबल्या. "बोलायचं ते पायांनी," म्हणाल्या, "आणि पायच मुके. नको. राहू दे." हे त्या अध्यक्षांना म्हणाल्या, पण बघत होत्या मामंजींकडे. मामंजी गाभाऱ्यापाशी समईची वात नीट करत होते. नाचायला उभ्या राहिलेल्या आत्याबाईंचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा हलताना बघितले. त्या पदराशी चाळा करत होत्या.

वर्धापनदिनाला आम्ही आरतीनंतर बाहेर पडलो तर समोर मामंजींचं दुकान उघडं, आणि दुकान बंद करायच्या लाकडी फळ्या, ज्या एरवी भिंतीशी उभ्या असतात, त्या सगळ्या दारासमोर जमिनीवर ओळीने मांडलेल्या. मामंजी गळ्यात टेप घालून मशीनवर बसले होते. वर न बघता म्हणाले, "ये. माझ्या दुकानात लोक चपला घालूनच येतात."

"अण्णा, फळ्यांच्या खाली मोकळं आहे का घट्ट?" आत्याबाईंनी विचारलं.

"आधी पाय ठेव. मग टीका कर."

कडक बूट मी कुणाला न सांगता पिशवीत टाकून आणले होते. आत्याबाईंनी साडीचा काठ खोचला, अंगाशी बांधल्यासारखे हात सरळ केले, आणि वाजवणारं कुणी नव्हतं म्हणून तोंडानेच "डिडल डी, डिडल डी" सुरू केलं. फळ्या गरजल्या. देवळाच्या पायऱ्यांवर माणसं गोळा झाली, अध्यक्ष प्रसादाचा द्रोण धरून उभे राहिले. गुडघे दुखत होते हे मला दिसत होतं; इतरांना दिसणं शक्य नव्हतं, कारण चेहरा रेशनच्या रांगेतलाच होता. मामंजींनी आधी काठाकडे बघितलं, शिंप्याची नजर ती. मग बुटांकडे. मग त्यांचे हात मशीनवरच्या कापडावर थांबले आणि पाय आपोआप खालच्या पायट्यावर हलायला लागले. आत्याबाईंच्या चालीतच. त्यांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं, वर आपल्या स्थिर हातांकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाले, "अगं येडे! हात गप्प, पाय चालू. हे तर मी जन्मभर इथे बसून करतोय!"

आत्याबाई हसल्या. नाचताना हसायचं नसतं, हा त्यांचाच नियम.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. उड्या बंद त्या बंदच. खोलीचं दार आता चौकटीत कायम असतं. त्याच्या आतल्या अंगाला टाचांचे खळगे आहेत. घराला रंग देताना सुताराने ते भरून देतो म्हणून सांगितलं. मी त्याला दुसरी दारं दाखवली.

दुपारी आत्याबाई दुकानात जातात. तिथे जुनं दुसरं मशीन आहे, त्यावर ताठ बसतात, हात कापड नसलेल्या फळीवर आणि पाय पायट्यावर. डॉक्टर म्हणाले, एवढं चालेल. सुई रिकामी असते. मामंजी दोरा ओवून देत नाहीत आणि कशाला म्हणून विचारतही नाहीत. मामंजींची नजर आता अधू झाली आहे, काम थोडंच येतं, तरी शेजारचं मशीन वेगात गेलं की त्यांचंही जातं. संध्याकाळी मी दोघांना घ्यायला जाते तेव्हा रस्त्यातूनच दोन्ही मशिनांचा आवाज येतो. मी घड्याळ बघून निघालेली असते, कुवेंपुनगरची बस समोर उभी असते. ती मी जाऊ देते.