मुठीच्या ज्वारीचा चष्मा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. त्याबद्दल आधीच माफ करा. चौथीपर्यंत शिकले. तेव्हा गावात मराठी शाळा होती. आता पोरं तेलुगूत शिकतात, त्यामुळे मी लिहिलेलं घरात कोणालाच वाचता येत नाही. म्हणून तर लिहायची हिंमत झाली. मुलीच्या जुन्या वहीची ही मागची पानं आहेत.

हे मी आजवर कुठेच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आमच्या मंडळीच्या पास्टरांजवळ नाही — त्यांना इकडे सगळे अय्यगारू म्हणतात. प्रार्थनेतसुद्धा नीट शब्दांत नाही. प्रभूला माहीतच आहे, असं धरून मी पुढच्या विनंतीकडे वळते. तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक नाही. मैत्रीण समजून लिहिते आहे.

कुठून सुरू करू? गिरजामायपासून करते.

आमचं गाव तेलंगणात, इचोड्याच्या अलीकडे, सडकेपासून आत. मंडळी नऊ घरांची. त्यात सगळ्यांच्या आधी गिरजामाय आली, आम्ही तिच्या मागून. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा सुरेश, तो एकोणिसाव्या वर्षी सडकेवर ट्रकखाली आला. नंतर हळूहळू तिचे डोळे गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. पुतण्या तिचं शेत करायचा आणि वर्षाची ज्वारी आणून टाकायचा. भाकरी ती चाचपून चाचपून स्वतःच करायची.

अय्यगारू तेलुगूत वाचत आणि मोडक्या मराठीत समजावून सांगत. मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, मंडळीत एकच, तिचं. आणि ते वाचता येणारी मी एकटी. मी लाजरी आहे. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. पण तिच्या ओट्यावर आम्ही दोघीच असायचो, आणि तिला दिसत नव्हतं. जिला मी दिसतच नाही तिच्यासमोर लाजायचं काय?

रोज सकाळी, वेचणीला जायच्या आधी, एक अध्याय. ती त्याला न्याहारी म्हणायची. भाकरी करून झाकून ठेवायची, पण वचन ऐकल्याशिवाय तुकडा मोडायची नाही. मला उशीर झाला की ओट्यावरून हाक यायची, "कांते, उपाशी मारून राह्यली का व मले?"

खरं सांगते, पोट माझंही भरायचं. कापूस वेचताना सकाळची एखादी ओळ दिवसभर तोंडात घोळत राहायची, गुळाच्या खड्यासारखी. ते दिवस चांगले होते. त्यांच्याविषयीच लिहीत बसावं असं वाटतं — पण त्यासाठी वही उघडली नाही.

मग माझे डोळे अधू झाले. लांबचं दिसे, जवळचं नाही. पुस्तक हात लांबवून धरायचे, तरी अक्षरांच्या मुंग्या व्हायच्या. मी अडखळू लागले. तिच्या लक्षात आलं.

आमच्याकडे बायकांची एक रीत आहे. स्वयंपाकाआधी धान्यातली एक मूठ प्रभूची म्हणून वेगळ्या डब्यात टाकायची आणि रविवारी मंडळीत द्यायची. गिरजामाय दोन मुठी काढायची. एक मंडळीची, आणि दुसरी कशासाठी ते कोणाला माहीत नव्हतं. एक दिवस तिने मला पुतण्याकडून विकून आणलेल्या त्या दुसऱ्या मुठीचे पैसे दिले. नऊशे रुपये. पदराच्या गाठीतून काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "माह्ये डोये तं गेले. तुह्ये राहू दे. चष्मा घे."

एका मुठीत किती ज्वारी मावते? तुम्हीच करून बघा.

मी इचोड्याला गेले. चष्म्याचं दुकान उघडं होतं — हे मुद्दाम लिहिते, कारण बंद होतं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. दुकानदाराने बोलावलं, "आइए बहनजी, आँख देख लेते हैं." मी म्हटलं, येते. आणि पुढच्या दुकानात शिरून साडी घेतली.

पुढच्या आठवड्यात मंचेरियलला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. आधीच्या लग्नात वहिनीने सगळ्यांसमोर माझ्या पदराला हात लावून म्हटलं होतं, "ताई, तुमची साडी आम्हाला ओळखते हो आता." बायका हसल्या, मीही हसले. ते हसणं मी विसरले नव्हते. पण लोकांना याहून मोठी दुःखं असतात. मी साडी घेतली, बस.

परत आल्यावर गिरजामायने हात पुढे केला. "आण, पाहू दे." ती हातांनीच बघायची. "घरी राहिला, उद्या आणते," म्हटलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा चष्मा घालून गेले. सासरे जाऊन सात वर्षं झाली होती. त्या चष्म्यातून मला ओटाही धड दिसत नव्हता. तिने माझ्या तोंडावरून तो काढला, बोटांनी काचा चाचपल्या, काडी चाचपली. काडीला दोरा गुंडाळलेला होता.

"नवा हाय ना व? मंग दोरा काऊन?"

"घसरू नये म्हणून बांधला, माय."

"हुशार हाय माही पोरगी," ती म्हणाली, आणि तो पुन्हा माझ्या नाकावर बसवून दिला.

त्या दिवसापासून मी वाचलं नाही. वाचल्यासारखं केलं. मला पंधरा-वीस स्तोत्रं आणि उतारे पाठ होते. तेच मागेपुढे करून म्हणायचे आणि मधून मधून पान उलटायचे, आवाज यावा म्हणून. कधी कधी ती डोकं वाकडं करून ऐकायची. "हे मांगं आलतं ना?" मी म्हणायचे, शास्त्रात पुन्हा पुन्हा येतं. एकदा ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "काय जाने व, आजकाल पोट नायी भरत." मला वाटलं, जमीन फाटावी. जमीन फाटली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

आता ज्यासाठी वही उघडली तिथे आले. अजून वळसा घालावासा वाटतो.

डोळे पुरते बिघडायच्या आधी आम्ही एका माणसाची गोष्ट सुरू केली होती. देवाला भिऊन वागणारा माणूस, आणि एका दिवसात त्याची दहाही लेकरं मेली. सात मुलगे, तीन मुली. गिरजामायने तेव्हा माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग रोज विचारायची, पुढं काय झालं? त्याची लेकरं? मधले कितीतरी अध्याय मी पाठ उताऱ्यांवर ढकलले. शेवटी टाळता येईना. त्या गोष्टीचं शेवटचं पान उन्हात धरलं. मुंग्यांमधून दोनच शब्द ओळखू आले. सात. तीन.

"भेटली का मंग त्याले?"

"भेटली."

"तीच?"

मला दिसत नव्हतं. मी म्हणू शकत होते, माय, मला दिसत नाही. चार शब्द. मी म्हटलं, "तीच."

ती रडली. मग दुसरी भाकरी मागितली. कितीतरी महिन्यांत तिने दुसरी भाकरी मागितली नव्हती.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटेल. हा अर्धाच आहे.

पुढच्या रविवारी ती मंडळीत उभी राहून सगळ्यांना सांगू लागली. त्याची तीच लेकरं देवाने परत दिली, पुस्तकात हाय, कांतानं वाचलं. माझं नाव घेऊन. अय्यगारूंना तिची बोली फारशी कळत नसे, ते मान डोलवायचे. प्रत्येक रविवारी मला वाटायचं — आज ते तेलुगूत तेच पान काढतील? आज विचारतील? आमच्या शेजारची शोभा, तिची दीड महिन्याची मुलगी तापाने गेली होती. नाव राणी. गिरजामाय काठी टेकत तिच्याकडे गेली आणि तेच सांगून आली. शोभाने राणीची झबली धुऊन घडी करून ठेवली.

पुढच्या हंगामात वेचणीच्या मजुरीतून मी गुपचूप खरा चष्मा घेतला. घरात कोणी नसताना ते पान काढलं — शास्त्र तेव्हा माझ्याकडेच असायचं. अक्षर न् अक्षर दिसलं. सात मुलगे, तीन मुली झाल्या होत्या, बरोबर. पण दुसरी. मागून झालेली. पहिली दहा परत आली असं कुठेच नव्हतं. तीनदा वाचलं.

मग मी सांगितलं का? नाही. दोन वर्षं सांगितलं नाही. वाचन मात्र खरं सुरू केलं, रोज, एकही ओळ न गाळता. तिच्या तोंडावर पुन्हा तेज आलं. म्हणाली, "आता कसं भरलं व पोट." मला वाटलं, एवढ्याने फिटेल.

मागच्या पौषात ती पडली ती उठली नाही. दुपारची वेळ. खाटेभोवती अय्यगारू, पुतण्याची बायको, शोभा, मंडळीच्या चार-पाच बाया. गिरजामाय म्हणाली, "कांते, माह्यं पान वाच."

चष्मा नाकावर होता. माझा, खरा. खिडकीतून ऊन येत होतं. ओळ समोर होती, भाकरीवरच्या तिळासारखी स्वच्छ. मी वाचत वाचत त्या ओळीपर्यंत आले — आणि म्हटलं, तीच. तीच लेकरं त्याला परत मिळाली. आणि पुस्तक मिटलं.

पहिल्यांदा मला दिसत नव्हतं. या वेळी दिसत होतं.

मरणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून केलंस, असं तुम्ही म्हणाल? मी त्या घटकेला तिचा विचारच करत नव्हते. मी खाटेभोवतीच्या माणसांचा विचार करत होते. खरं वाचलं तर ती विचारतील, मग आधी काय वाचत होतीस? मग चष्म्याचं निघेल, मग साडीचं. मला वहिनीचं हसणं ऐकू येत होतं. बस, एवढंच.

"आता सुरेश दिसन मले," गिरजामाय म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी जायच्या आधीच, ती गेली. भाकरी कोणी केलेली नव्हती.

तिच्यामागे पुस्तक माझ्याकडे राहिलं. मी पुढे वाचत गेले. खूप पुढे, शेवटाकडे, मेलेली माणसं उठवली जातील असं साफ लिहिलेलं आहे. एकदा नाही, ठिकठिकाणी. तिला हवं होतं ते त्याच पुस्तकात होतं. खरी भाकरी तिथेच होती. मी पानं उलटून शोधायची होती आणि तिच्यापुढे ठेवायची होती. आणि ते दुसऱ्या लेकरांचं पानही तिला पचलं असतं. नवरा आणि मुलगा दोघांना माती देऊन ती उभी होती, तिचे दात माझ्याहून मजबूत होते. मीच ठरवलं की तिला चावणार नाही.

आता मीही वचनाआधी खात नाही. रोजचा अध्याय वाचायच्या आधी ते पान काढते आणि मोठ्याने वाचते, जसं आहे तसं, घरात कोणी नसताना. त्यानंतर भाकरी घशाखाली उतरते. काही दिवस उतरत नाही.

शोभाला सातवा महिना आहे. झबली तीच काढून ठेवली आहेत. नाव ठरलं आहे, राणी. म्हणते, तिच्या डाव्या पायावर तीळ होता, तो पाहून ओळखीन. तीळ नसला तर? ते लेकरू जन्मभर काय पाहील आईच्या तोंडावर? तिच्या नवऱ्याने नवा मोबाईल घेतला आहे, त्यात मराठी शास्त्र बोलून दाखवतात म्हणे. ते पान लावायला सांगणार आहे, असं ती मला परवा विहिरीवर हसत सांगत होती. मी घागर भरून निघून आले. तिला मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहिताना हात थांबतो — वही मिटून तिच्या दारी जावं, दहा पावलं आहेत. बसूनच आहे.

गिरजामायचे नऊशे कोणाला द्यायचे? तिच्या पोटचं कोणी उरलं नव्हतं. म्हणून मीही दुसरी मूठ काढू लागले. घरच्या ज्वारीतून नाही, माझ्या ताटातली. एक भाकरी कमी थापायचे. नवरा म्हणायचा, "काऊन व, उपास धरला का?" साठलं की विकून पैसे मंडळीत द्यायचे, तिच्या नावाने.

मागच्या रविवारी शेवटचे चाळीस रुपये दिले. अय्यगारूंनी वहीत तेलुगूत तिचं नाव लिहिलं आणि विचारलं, आणखी द्यायचे आहेत का. शोभा माझ्या शेजारी बसली होती, पोटावर हात ठेवून.

मी म्हटलं, नाही. नऊशे होते. पैसे तेवढे पूर्ण फिटले.