कालवं पिकवणारा मामा

अख्ख्या वऱ्हाडात समुद्राविषयी सगळ्यांत जास्त बोललेला माणूस म्हणजे माझा धाकटा मामा. जन्म पातूरचा, घरचा भाजीचा मळा, आणि विहिरीत वाकून बघितलं तरी त्याला भोवळ यायची. वऱ्हाड आणि कोकण नुकतेच एका राज्यात आले होते. मत्स्यखात्यात चिकटलेल्या मामाची नेमणूक थेट कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावी झाली. काम काय, तर खडकाला चिकटून वाढणारी कालवं पाळायला गावाला शिकवायचं. शिंपल्यातला तो जीव मामाने जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे.

सुट्टीत तो वऱ्हाडात, आमच्या राजापेठेतल्या घरी यायचा तो शिंपल्यांची पिशवी घेऊनच. एका उन्हाळ्यात त्याने आमच्या हौदावर आडवा बांबू टाकला, शिंपले ओवलेले दोर पाण्यात सोडले आणि दूधवाल्यापासून शेजारच्या वकिलांपर्यंत सगळ्यांना गोळा करून व्याख्यान दिलं. "पाहा, यावर बारकी पिल्लं येऊन बसतात अन् आपोआप वाढतात. खताची गरज नाही, पाण्याची चिंता नाही!"

"चिंता कशी नाही?" आई कडाडली. "माह्या हौदातलं पाणी नासून राहिलं ना!"

पण मामाचं हे वेड नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. त्या गावच्या बायका ओहोटीला धारदार खडकांवर जाऊन कालवं फोडायच्या. त्यांचे चिरलेले तळवे त्याने पहिल्याच आठवड्यात पाहिले, आणि त्याला चैन पडेना. दोरांवर वाढलेली कालवं तराफ्यावर बसून काढता येतील, हे तो दारोदार सांगत फिरू लागला. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शेवटी भागीरथी नावाच्या म्हातारीने विचारलं, "सायब, तुमी सवता कालव खाल्लाव काय कधी?"

"नाही."

"मग आमाला कशाला सांगताव?"

मामाने डोळे मिटले आणि खाल्लं. "मले वाटलं, आता मी मरतो," तो आम्हाला सांगायचा, "पण समद्या बाया पाहून राहिल्या होत्या ना!" दुसऱ्या दिवशी भागीरथीने पहिला दोर बांधला.

पातूरला आल्यावर ही गोष्ट त्याने आपणहून माझ्या आजीला सांगितली. आजीने त्याचं ताट ओसरीवर वेगळं मांडलं आणि बोलणं टाकलं. एका दुपारी मात्र वाढता वाढता तिने हळूच विचारलं, "कसं लागते रे ते?"

"खारट, माय."

"मंग मीठ तरी वाचत असन," आजी म्हणाली, आणि ताट आत आलं.

पुढच्या पावसाळ्यात नदीला पूर आला, खाडीत गोडं पाणी भरलं आणि निम्मीअधिक कालवं मेली. मामा रजा काढून आला आणि दिवसभर बाजेवर पडून राहू लागला. "त्या बायाइले आता काय तोंड दाखवू?" एवढंच तो म्हणे. मन घट्ट करून परत गेला, तर बायकांनी उरलेले दोर खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात हलवून ठेवले होते. भागीरथी ओरडली, "रजा सरली काय ओ सायब? दोर धरा!" पुढल्या हंगामात तराफे कालवांनी वाकले.

मग मामाची बदली अकोल्याला झाली. घरी सगळ्यांना आनंद. आईने त्याला विचारलं, "निरोपाले गाव लोटलं असन ना?"

"कोणीच नाही आलं, बाई," मामा मोठ्या ऐटीत म्हणाला. "काहून येतील? समद्या तराफ्यावर होत्या, कालवं काढून राहिल्या होत्या." त्याने चहाची बशी उचलली, पण तोंडाला लावली नाही. "बस वळणावर आली तवा भागीरथीनं हात वर केला. आता तो मले केला का तोल सावरला, समजलं नाही."