परत येऊन सांगणारी माणसं

दादाच्या दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असं कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या वहीकडे बोट दाखवलं असतं. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही, दोन कोपरे सोल्डरिंगच्या गरम टोकाने करपलेले. दुकान बंद करून आता चार वर्षं झाली. दादा दुपारभर रेडिओ ऐकत बसतो आणि वही माझ्या कपाटात असते. परवा कपाट आवरायला घेतलं तेव्हा ती हाताला लागली, आणि आवरणं राहिलं बाजूला.

प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत. पहिल्यात साइटचं किंवा माणसाचं नाव. दुसऱ्यात त्याने कुठल्या बिघाडावर काय उपाय सांगितला ते. आणि तिसऱ्याच्या डोक्यावर, दादाच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात, एकच प्रश्न: 'परत आला का?'

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगते. एखादा बिघाड अडला की आपण इंटरनेटवर शोधतो. तिथे शंभर जण शंभर उपाय सांगतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! कुणी म्हणतं अमुक भाग बदला, कुणी म्हणतं तमुक फाइल टाका. ज्याने विचारलेलं असतं तो 'धन्यवाद' म्हणून गडप होतो. उपाय लागू पडला की मशीन कायमचं झोपलं, कुणालाच कळत नाही. दादाचं म्हणणं असं, की सांगणारा किती हुशार हे बघायचंच नाही. करून झाल्यावर परत येऊन 'जमलं' किंवा 'फसलो' असं लिहिणारा माणूस शोधायचा. तसा माणूस ज्या पानावर भेटेल ते पान खरं. आधी कंपनीचं स्वतःचं पुस्तक बघायचं, ते नसेल तर परत आलेली माणसं. बाकी सगळं वाऱ्यावरची वरात.

हे शहाणपण त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. दुकान सुरू केलं तेव्हा आमच्याकडे झेरॉक्स काढलेली दोन सर्किटची पुस्तकं आणि एक मल्टिमीटर होता. स्क्रू आईच्या बटणांच्या डब्यात, त्यामुळे आईची बटणं कायम खिडकीत. मग फोनच्या तारेवरचं इंटरनेट आलं. ते जोडताना मोडेम असा किंचाळायचा की आई आतून ओरडायची, "अरे, काय मारतोयस त्याला?" आणि ते चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. मावशीने तीन दिवस फोन लावला आणि चौथ्या दिवशी रागारागाने स्वतःच आली. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की दादा तेवढ्यात एखादा कीबोर्ड धुऊन वाळत घालायचा. ते दिवस आठवले की मला अजूनही वितळत्या सोल्डरचा वास येतो, आणि खरं सांगायचं तर रडू येतं.

दादाचं आणि इंग्रजीचं मात्र वैर. सर्किट तो डोळे मिटून वाचेल, पण इंग्रजीच्या दोन ओळी आल्या की त्याच्या कपाळाला आठ्या. म्हणून मी. सकाळी मी एका ऑफिसात टायपिंग करायची आणि दुपारी दुकानात गल्ल्याच्या खुर्चीवर बसून त्याला फोरम वाचून दाखवायची. जगभरातले दुरुस्तीवाले तिथे एकमेकांना विचारायचे. पुढे दादाही उत्तरं द्यायला लागला. तो हातातलं काम न सोडता मराठीत सांगायचा, मी इंग्रजीत टाइप करायची. तिथे त्याने स्वतःला नाव घेतलं होतं 'जुना स्क्रू'. मी म्हटलं, "अरे, काहीतरी बरं नाव घे की." तर म्हणाला, "ए शहाणे, जुना स्क्रू घट्ट बसतो."

आणि तो परत जायचा. दर शनिवारी आम्ही आठवड्यातल्या सगळ्या उत्तरांवर फेरी मारायचो. कुणाचं जमलं, कुणाचं नाही, मी वाचायची. स्वतःचं चुकलं असेल तर दादा दुसऱ्या वाक्याची वाट न बघता म्हणायचा, "लिही, मी चुकलो." अशाने तिथे त्याची पत वाढली. एका शनिवारी त्याच्या नावापुढे चांदणी आली. ज्याच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबावं अशा फक्त नऊ जणांना तिथे ती चांदणी होती. दादाने ती मला तीनदा दाखवायला लावली. दहावीला दोनदा नापास झालेला माझा भाऊ! आईने घरात गोड केलं आणि फोरम म्हणजे काय ते शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्याच शनिवारी मी ते केलं.

त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. एका जातीच्या लॅपटॉपचा बायोस, म्हणजे चालू होताना लागणारा आतला प्रोग्राम, नेहमी बिघडायचा. दादाने चांगल्या मशीनमधून त्याची प्रत काढून ठेवली होती. पण त्या लॅपटॉपचे बोर्ड दोन प्रकारचे. वरून बघाल तर जुळे भाऊ. फरक फक्त एका आकड्याचा, आणि तो आकडा रॅमच्या पट्टीखाली छापलेला. पट्टी काढल्याशिवाय दिसत नाही. दोन बोर्डांच्या दोन फाइली, दोन फोल्डर. दादाने टेबलावरच्या नुकत्याच दुरुस्त केलेल्या लॅपटॉपवरून त्याच बोर्डाचं उत्तर सांगितलं, शेवटी म्हणाला, "फाइल जोड, पण आधी याची पट्टी काढून आकडा बघ." माझी मैत्रीण बाहेर फुटपाथवर उभी राहून मला घड्याळ दाखवत होती, सिनेमा सुरू व्हायला वीस मिनिटं. मी पट्टी काढली नाही. अंदाजाने एक फोल्डर उघडला, त्यातली फाइल जोडली आणि पळाले.

चांदणीच्या त्या शनिवारी फेरी मारताना त्या उत्तराखाली एक ओळ होती: 'तुमची फाइल टाकली. लॅपटॉप सुरू झाला, पण चार दिवसांतच चार्जिंग बंद. असं कुणाचं झालंय का?' मला लगेच कळलं, फाइल दुसऱ्या बोर्डाची गेली होती. दादा चहाचा कप घेऊन हसत उभा होता. त्याने विचारलं, "तिथे काय म्हणतात?"

मी म्हटलं, "काही नाही, आभार मानतायत."

एवढंच. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. आज नाही उद्या करता करता अकरा वर्षं गेली. त्या फोरमवर लिहिलेलं उत्तर एक दिवसानंतर बदलता येत नसे, तेवढी एक सबब मी स्वतःला देत राहिले. खाली दुरुस्ती लिहिता आली असती हे मला माहीत होतं.

मग तो फोरम बंद व्हायची बातमी आली. महिनाअखेरीनंतर कुणाला काही लिहिता येणार नव्हतं, जुनं सगळं मात्र वाचायला तसंच राहणार होतं. दादा हळहळला आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. "चुकीचं काही मागे राहायला नको. आता कायमचं राहणार ते," म्हणाला. आपली चारशे उत्तरं वहीशी ताडून पाहायला त्याने सुरुवात केली. एव्हाना तो अडखळत इंग्रजी वाचायला शिकला होता. मी रोज त्याच्या पाठीमागे उभी राहून तो कुठल्या उत्तरापर्यंत आला ते बघायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

तो तिथवर पोचायच्या आधी दुकानात एक बाई आल्या. महिना संपायला तीन दिवस होते. दुसऱ्या गावच्या दुरुस्तीवाल्या, चाळिशीच्या, हातावर आमच्यासारखेच भाजल्याचे डाग. कुणीतरी दादाचं नाव सांगितलं म्हणून बसने पाच तास प्रवास करून आल्या होत्या. त्यांनी टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि शेजारी घड्या पडलेला एक छापील कागद. कागदावर आमचंच ते उत्तर होतं.

"काका, बायोसची ही फाइल टाकली," बाई म्हणाल्या. "चार दिवस चालला, मग चार्जिंग गेलं. चार्जिंगचा आयसी बदलला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बदलताना बोर्डावरचं तांबंच उखडलं. वीस वर्षं हे काम करतेय, पण आता हात गेला माझा. एवढं उघडून बघा, चूक माझ्या हाताचीच हे नक्की कळलं की दुकान आवरायचं म्हणतेय."

"फाइलीवर शंका नाही आली?" दादाने विचारलं.

"त्या जुन्या स्क्रूवर? नाही हो! तो कोण, कुठला, मला माहीत नाही, पण चुकला तर तो स्वतः खाली येऊन तसं लिहितो, आणि इथे त्याने तसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकत असणार ती मीच."

दादाने लॅपटॉप उघडला, रॅमची पट्टी काढली, भिंगातून आकडा पाहिला. मग कॉम्प्युटरवर ते पान उघडलं, आपली जोडलेली फाइल तपासली आणि पान खाली सरकवायला लागला. अकरा वर्षांपूर्वीची ती ओळ त्याने बोट ठेवून शब्द शब्द वाचली. तिच्याखाली तशाच आणखी सहा होत्या.

"हे तू मला वाचून दाखवलं होतंस?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त बाईंकडे वळला. "ताई, जुना स्क्रू मीच. फाइल चुकीच्या बोर्डाची आहे. तुमचा हात चांगला आहे, माझ्यामुळे तुम्ही त्याच्यावर संशय घेतलात."

बाई स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या. दादाने उखडलेल्या तांब्याच्या जागी केसासारख्या तारा जोडायला घेतल्या. तिसरी तार झाल्यावर त्याने सोल्डरिंगची कांडी बाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, "उरलेल्या दोन तुम्ही." त्यांनी जोडल्या. हात जरासुद्धा हलला नाही. बरोबर फाइल टाकली, चार्जिंगचा दिवा लागला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि मी आत पाणी आणायला गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाही.

बाई गेल्यावर दादा खुर्चीत बसला. "चल, लिही," म्हणाला. "माझी चूक झाली, फाइल..."

"तू नको सांगूस," मी म्हटलं. "माझं मी लिहिते."

एवढ्या वर्षांत त्या फोरमवर माझं स्वतःचं नावच नव्हतं. मी खातं उघडलं, नाव घेतलं 'स्क्रूची बहीण'. लिहिलं, की फाइल मी जोडली, आकडा न बघता. चूक मला आठवडाभरातच कळली होती आणि मी ती लपवली. भावाला यातलं काही माहीत नव्हतं. बरोबर फाइल ही. पट्टी काढून आकडा बघा. मग त्या सातही जणांना वेगवेगळा निरोप पाठवला. दोघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं की त्याने ते काम केव्हाच सोडलं.

दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी, फोरम बंद झाला त्या दुपारी, तो नेहमीसारखा चहाचा कप घेऊन आला. वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "शेवटचं पान भरलं, बघ जरा." एवढं बोलून तो कुणाचातरी प्रिंटर उघडायला गेला.

तेच पान आता माझ्या मांडीवर आहे. पहिल्या रकान्यात 'स्क्रूची बहीण'. दुसऱ्यात बोर्डाचा तो आकडा. आणि तिसऱ्यात, 'परत आला का?' च्या खाली, कोंबडीच्या पायांच्या अक्षरात: 'आली. उशिरा.'