तिच्या नावानं सोडलेलं अंडं

आमच्या पासली गावात माणूस गेलं, की मागे राहिलेले त्याच्या नावानं एखादा पदार्थ कायमचा सोडतात. आई गेली तेव्हा तेराव्याला हा सोहळा रंगला. चुलत्यांनी छातीवर हात ठेवून, डोळे मिटून कारलं सोडलं. कारलं त्यांनी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं! आत्यानं कॉफी सोडली. ती गावात मिळतच नाही. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडात कोंबला. बायकांना वाटलं, हुंदका आला. त्यांनी माझी पाठ थोपटली.

मग अप्पा, माझे वडील, म्हणाले, "म्या अंडी सोडली. मासं सोडलं. दूद बी सोडलं."

माझं हसू तिथंच विरलं. कोंबड्या आईच्या, म्हशीची धार आई काढायची, ओढ्यातले मासे तिच्यासारखे कुणाला पकडायला जमत नव्हते. अप्पांनी तिचा सगळा स्वयंपाकच सोडला होता.

एकट्या माणसाला उरला भात, मिरची आणि कोरा चहा. डाळ शिजवायचा कंटाळा. पाठीवर भाताचं पोतं घेऊन चढ चढणारे अप्पा पाटावरून उठताना भिंत धरू लागले. पुढे भिंत धरूनही उठवेना. मी भोरहून, सासरहून राहायला आले आणि त्यांना वेल्ह्याला डॉक्टरांकडे नेलं.

"दुसरा रोग नाही," डॉक्टर म्हणाले. "अंगातलं मांस झडलंय. डाळ, अंडी, दूध पोटात गेलं, रोज थोडी उठबस झाली, तर पायांत बळ येईल. पण आता उशीर नको."

अप्पांना एकच हवं होतं. आपल्या पायांनी खाचराच्या बांधापर्यंत जायचं. बांध घरापासून हाकेवर. पण सोडलं म्हणजे सोडलं.

शेवटी मी हुकमी एक्का काढला. लग्नकार्यात मी आईची नक्कल करायचे, तेव्हा आईसुद्धा हसून लोळायची. डोक्यावर पदर घेतला, ताटलीत उकडलेलं अंडं, एक हात कमरेवर, आवाज घोगरा. "अवं, काय चाललंय तुमचं? सोडलेलं म्या परत दिलं. खावा गपगुमान!"

अप्पा पोट धरून हसले. मग डोळे पुसले.

"आवाज तिचाच गं. पर बाय, तिनं मला खावा असं कदी म्हटलंच न्हाई. ती नुस्ती वाडायची."

ताटली तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी काही न बोलता त्यांच्या भातावर अंड्याचा रस्सा वाढला आणि पाठ फिरवून भांडी घासत बसले. बऱ्याच वेळानं बोटं ताटाला घासल्याचा आवाज आला.

"मीठ कमी हाय," अप्पा म्हणाले. "तिला सांग..."

आणि थांबले. मीही वळले नाही.

आता ते रोज खातात, पण पाय अजून उंबऱ्यापर्यंतच नेतात. तिथं टेकून ते बांधाकडे बघत राहतात. मी वाढते आणि गप्प बसते. माझ्यासारख्या बोलघेवडीला ते किती जड जातं, हे फक्त त्यांना कळतं.