पोळ्याच्या दिवसाचे सात आकडे

“मी गेलीच नाही धानाच्या बांधीत, मंजुषा. सातही आकडे घरी बसून लेहले.”

“कोण्या दिशीचे?”

“पोळ्याच्या.”

मंजुषा ही कृषी खात्यानं नेमलेली गावातलीच बाई. आनंदीच्या ओसरीत चहा पीत होती, ती बशी तोंडाशी तशीच राहिली. मग तिनं बशी खाली ठेवून सांगितलं. गावातल्या हेमराजच्या बांधीत पाणी मोजायला गाडलेल्या पायपाच्या तळाशी खात्याच्या साहेबांनी एक काळं डबडं सोडलं होतं. ते दर तासाला पाण्याची उंची आपली आपण टिपून ठेवते म्हणे. उद्या बालाघाटहून केदार साहेब येणार, सोबत जपानची बाई, आणि त्या डबड्याचे आकडे आनंदीच्या कागदाशी जुळवून पाहणार.

आनंदी गजभिये आमच्या गावात लग्न होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली. माहेर गोंदियाकडचं. नवरा घनश्याम भरवेलीच्या खाणीत, रविवारी तेवढा घरी. दोन एकर धान हीच पाहते. दहावी शिकलेली, अक्षर वळणदार, म्हणून हे काम तिच्याकडे आलं.

काम असं. धानात पाणी साचून राहिलं की मातीतून एक वायू निघतो आणि वर जाऊन गरमी वाढवतो. देशानं जगाला शब्द दिला आहे की हे असले वायू कमी करू. त्या शब्दातला चिमूटभर वाटा आमच्या पाटाच्या, पाणी सोडायच्या एका मोरीवर येऊन पडला. तंत्र जपानवाल्यांचं, माणसं आमची. बांधीत भोकं पाडलेला पायप गाडायचा, पाणी जमिनीच्या वीतभर खाली गेलं की मगच मोरी उघडायची. लोंब्या निघायच्या वक्ती तेवढं पाणी राखायचं. पण एका मोरीवर सात घरं. एकानं चोरून पाणी घेतलं की ते मधल्या धुऱ्यावरून, बांधावरून, दुसऱ्याच्या बांधीत उतरते. म्हणून सातही घरांनी एकदम हो म्हणणं भाग होतं.

ते हो मिळवायला आनंदीचे दोन महिने गेले. हेमराज शेवटचा. कोरड्या बांधीत धान पिकवायले आता गजभियेबाई शिकवन आमाले, असं तो पानठेल्यावर बोलला होता. शेवटी त्यानंही अंगठा दिला. तेव्हापासून रोज सकाळी सात पायपांत पट्टी घालून आनंदी आकडे लिहीत होती. खाडाखोड चालणार नाही, खोटा आकडा निघाला तर योजनेतून गावाचं नाव कटेल, एवढं साहेबांनी आधीच बजावलं होतं.

आणि पोळा आला. आमच्याकडे त्या दिवशी धान गरवार राहतो, पोटात दाणा धरतो, असं मानतात. वावरात कोणी पाय टाकत नाही. आनंदीचं घर बौद्ध, तिच्या घरी हे कोणी मानत नाही. स्वतःच्या बांधीत ती खुशाल गेली असती. पण बाकीचे सहा पायप दुसऱ्यांच्या धानात. तिनं आदल्या दिवशीचे आकडे पाहिले, अंदाजानं दोन-दोन सेंटीमीटर कमी केले आणि सातही रकाने भरून टाकले. दुसऱ्या दिवशी गेली तर हेमराजच्या धुऱ्याला खेकड्यानं भोक पाडलेलं आणि बांधी निथळून गेलेली. कागदावर पाणी, वावरात चिखल. तिनं भोक बुजवलं, पण कागदाला हात लावला नाही.

मंजुषा गेल्यावर तिनं घनश्यामला फोन लावला. चूप राह्य, तो म्हणाला, साहेब लोक एवढं कुठं पाहून राह्यले. तिनं भाकरी थापली ती करपली. सात घरांचं नाव माझ्या हातानं कटते, हेच डोक्यात. कटलं तर हेमराज मोरी फोडून पाणी घेणार, आणि पुढं या गावात कोणी कशालाच एकत्र येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गाडी आली. धुऱ्यावर सातही घरांची माणसं उभी. जपानची बाई बूट काढून अनवाणी चिखलात उतरली आणि तिनं पायपातून डबडं ओढून काढलं. केदार साहेबांनी कागदासाठी हात पुढे केला. आनंदीनं कागद छातीशी धरला.

“साहेब, पोळ्याच्या दिशीचे आकडे खोटे हायेत. सातही.”

साहेबांनी चष्मा वर केला. “का?”

तिनं हेमराजकडे पाहिलं, मग खाली. “त्या दिशी धान गरवार राह्यते म्हन्तात. दुसऱ्याच्या बांधीत माह्या पाय पडला असता, अन् मंग धान पोचट निंघाला असता, तं कोनाले धरलं असतं?”

सात घरांतलाच भैयालाल म्हातारा पाटाकडे पाहत राहिला. हेमराजनं तंबाखू थुंकली.

“हिलेच,” तो म्हणाला. “म्याच धरलं असतं.”

साहेबांनी ते सगळं त्या बाईला इंग्रजीत सांगितलं. बराच वेळ लागला. ती हसली नाही. पुढच्या वर्षी हा दिवस कोणत्या तारखेला येतो, एवढं तिनं विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मग पायप बांधीच्या मधात का, धानात न उतरता पट्टी घालता येईल असा धुऱ्याला लागून का नाही, असं साहेबांनाच विचारलं. साहेब म्हणाले, मधात गाडायचा हे आपण ठरवलं होतं, गावाला विचारलं नव्हतं.

जाताना त्यांनी सांगितलं की तो एक दिवस कटेल. पण एक दिवस खोटा निघाला म्हणजे बाकीचे दिवसही भोपाळला पुन्हा तपासणार. डबड्याशी जुळले तर गाव राहील. चिठ्ठी यायला महिना.

“बाकीचे तं खरे हायेत ना वो?” गाडी वळल्यावर हेमराजनं विचारलं.

“हौ,” आनंदी म्हणाली. पण कोण्या सकाळी पट्टी वाकडी धरली गेली असेल का, हे तिला आता आठवेना.

त्या दिवसाचे आकडे अजून घ्यायचे होते. तिनं लुगडं खोचलं, हेमराजच्या बांधीत उतरली, पट्टी पायपात घातली. आठ. तिनं लिहिलं नाही. पट्टी पुसली, पुन्हा घातली. आठच. मग कागद मांडीवर ठेवून तिनं आठ लिहिला आणि पुढच्या धुऱ्याकडे निघाली.