काळ्या वायरची वाट

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी बांधण्याच्या कारखान्यात शीलानं एकोणीस वर्षं काढली, पण आपण बांधलेली वायरिंग गाडीत नेमकी कुठं बसते, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. कुणी दाखवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. तिच्यापुढं दाराएवढी एक फळी उभी असायची, फळीवर खुंट्या आणि त्या खुंट्यांमधून एकेक वायर ओढत न्यायची. बारा नंबर सातव्या खुंटीवरून खाली, पंधरा नंबर तिच्या शेजारून. टोकाला पितळी टर्मिनल दाबायचं, जुडीला टेप गुंडाळायची आणि पुढच्या बाईकडं सरकवायची.

बाकीच्या बायकांना नंबर पाठ करायला महिना लागायचा. शीलाला आठवडा लागला. तिचं माहेर लासूर स्टेशनजवळच्या एका वस्तीवरचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. दीडशे मेंढरांत कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे ती सात वर्षांची असताना सांगायची. तिला वीस रंगांच्या वायरी काय जड जाणार? सुपरवायझर नव्या मुलींना तिच्याच फळीपाशी आणून उभं करायचा आणि म्हणायचा, बघा आणि शिका.

मग कारखान्यातली ती वायरिंगची लाइन दुसऱ्या राज्यात गेली. बायकांना घरी पाठवलं. नवरा बन्सी एका गोडाऊनमध्ये कामाला होता, घर चालत होतं; पण शीलाला रिकामं बसणं सोसेना. वर्षभरात तिनं घरातली प्रत्येक वायर नीट बांधून टाकली. टीव्हीमागचा गुंता, मिक्सरची वायर, शेजारणीच्या कूलरची सुद्धा. बन्सी म्हणायचा, आता माझ्या चपलांचे बंद तेवढे राहिले.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी धाकट्या भावाचा, त्रिंबकचा फोन आला. त्याच्याकडं एक जुना पिकप होता. मेंढरं बाजाराला न्यायची, चारा आणायचा, सगळं त्याच्यावरच. आदल्या दिवशी लासूरच्या रस्त्यावर गतिरोधकापाशी त्यानं ब्रेक दाबला. मागं लाल दिवा लागायच्या ऐवजी डाव्या बाजूचा इंडिकेटर मिचमिचला. मागच्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, गाडी डावीकडं वळतेय. त्यानं उजवीकडून पुढं काढायला जोर केला आणि ट्रॉलीचा कोपरा पिकपच्या ढुंगणावर आदळला. एका एडक्याचा पाय मोडला. केबिनमध्ये मांडीवर कोकरू घेऊन बसलेल्या आईचं, दगडाबाईचं कपाळ पुढं आपटलं. तीन टाके पडले.

त्रिंबक हे सगळं सांगताना हसत होता, म्हातारीनं कोकरू कसं सोडलं नाही वगैरे. शीला हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ती लासूरला उतरली.

दगडाबाई ओसरीवर पट्टी बांधून बसली होती आणि पट्टीखाली खाजतंय एवढीच तिची तक्रार होती. शीलानं आईचं कपाळ पाहिलं, मग गाडीकडं गेली. त्रिंबक म्हणाला, उद्या चांदपाशाभाईंकडं नेतो, ते जोडून देतील. याआधी किती वेळा जोडून दिलं, असं तिनं विचारल्यावर त्याला नीट सांगता येईना. चार वेळा तरी झालं असेल.

शीलानं पदर खोचला, पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली सरकली.

खाली मुताचा उग्र दर्प होता. हौद्याच्या फळ्यांमधल्या फटींतून मेंढरांचं मूत वर्षानुवर्षं खाली ठिबकत होतं आणि बरोबर त्याच धारेखालून मागच्या दिव्यांच्या वायरी गेल्या होत्या. तांब्यावर हिरवा भुगा चढला होता. जोड मोजले तर अकरा निघाले. कुठं लाल वायरला निळी, निळीला पांढरी, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. कारखान्यात एक जोड सापडला तरी अख्खी जुडी भंगारात जायची. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला नव्हता, उलट उजळला होता. कारण समोरचं काम तिच्या ओळखीचं होतं.

"हे जोडायचं नाय," ती म्हणाली. "हे काढून टाकायचं. केबिनपासून मागच्या दिव्यापर्यंत समदं नवं बांधायचं."

"आक्का, तू फॅक्टरीत फळीवर करायचीस. ही गाडी हाय."

"मंग मी बांधलेल्या वायरी काय बैलगाडीत बसत व्हत्या?"

तरी ती चांदपाशांना भेटायला गेली. मार्केट यार्डाच्या गेटाजवळ त्यांचा पत्र्याचा ठेला, साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. सायकलच्या डायनामोपासून ट्रकपर्यंत सगळं त्यांच्या हातातून गेलेलं. अकरा जोडांचं ऐकून त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, तुमचा भाऊ गाडी लावतो आणि चहा पिऊन येईपर्यंत होईल का म्हणतो. चहात जोडच होतो, वायरिंग होत नाही. शीलाला ते पटलं. तिनं त्यांच्याकडून वायर, टर्मिनल आणि दाबायचा पाना मागितला. त्यांनी तिच्यापुढं एक टर्मिनल ठेवलं, दाबून दाखवा म्हणाले. तिनं दाबलं. त्यांनी वायर दोन्ही हातांनी ओढून पाहिली, चष्मा वर केला आणि आतून अख्खा डबाच आणून दिला.

मग जे काही तास गेले ते शीलाला फार आवडले. चांदपाशांनी तिला कागदावर एकेक दिव्याची वायर समजावून सांगितली. ती विचारायची, हिरवी-काळी कशाची? ते सांगायचे. हिरवी-काळी म्हणजे तिचा बारा नंबर. तो ब्रेकच्या दिव्याचा निघाला. एकोणीस वर्षं रोज शेकडो वेळा हातात धरलेली वायर कशासाठी होती, ते तिला त्या ठेल्यावरच्या स्टुलावर बसून कळलं. आपण बांधलेल्या वायरींनी किती गाड्या वेळेवर थांबल्या असतील, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

घरी येऊन तिनं सुतळीनं गाडी मापली. केबिनपासून निघून गाडीच्या सांगाड्याच्या, म्हणजे चासीच्या कडेनं, मुताची धार चुकवून, मागच्या दोन्ही दिव्यांपर्यंत. जिथं फाटा फुटायचा तिथं सुतळीला गाठ. जुन्या दाराची फळी ओसरीवर टेकवली, गाठीगाठीला खिळे ठोकले आणि दोन दिवस ती तिथं मांडी घालून बसली. दगडाबाई शेजारी बसून खिळ्यांमधून फिरणारे हात बघत राहिली. लोकर कातताना माझी आई असंच करायची, एवढं ती एकदा बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी जुडी तयार झाली. एकही जोड नाही, वरून वळ्यावळ्यांचा काळा पाइप चढवलेला, तोंडं बंद. त्रिंबकनं ती हातात घेतली आणि शोरूमची वाटते म्हणाला.

चांदपाशा स्वतः आले. जुन्या वायरी काढल्या, नवी जुडी बसवली, नवा फ्यूज घातला. त्रिंबक केबिनमध्ये चढला. त्यानं छोटे दिवे लावले आणि ब्रेक दाबला.

डावा इंडिकेटर मिचमिचला. लाल दिवा मेल्यासारखाच.

त्रिंबक खाली उतरून टायर बघायला लागला, टायरात बघण्यासारखं काही नसताना. चांदपाशांनी ब्रेकचा स्विच खराब असेल, असं सावकाश सांगितलं. पण शीला मनातून हलली नाही. प्रत्येक वायर तिनं दोन्ही टोकांना दिवा लावून तपासली होती. वायर चुकलेली नाही. मग चूक वायरीच्या बाहेर आहे, एवढं सरळ होतं.

ती पुन्हा पोत्यावर आडवी झाली आणि जुडी पहिल्यापासून बोटांनी चाचपत गेली. लाल कुठं जाते, दिव्याला. हिरवी-काळी कुठं जाते, दिव्याला. दोन्ही टोकांना कनेक्टर. फक्त काळी वायर वेगळी. तिच्या टोकाला कनेक्टर नव्हता, गोल कडी होती. कारखान्यात अशा कड्या तिनं लाखांनी दाबल्या होत्या, पण फळीवर त्या नुसत्या लोंबकळत असायच्या. त्या पुढं कशात अडकतात, ते तिच्या कामात येत नव्हतं. इथं चांदपाशांनी जुनी कडी जिथं होती तिथंच, हौद्याच्या एका बोल्टला नवी कसली होती.

"भाई, ही कडी कुठं जाती?"

"बॉडी को. अर्थिंग है वो. दिव्यात गेलेला करंट तिच्यातून बॅटरीला परत येतो. बोल्ट घट्ट हाय, मी आत्ता पाना लावून बघितलाय."

"बोल्ट घट्ट हाय. पर हौदा कशावर बसलाय?"

चांदपाशा वाकले. तीन वर्षांपूर्वी त्रिंबकनं नवा हौदा बनवून घेतला होता आणि आवाज येऊ नये म्हणून तो चासीवर सागाच्या ओंडक्यांवर ठेवला होता. हौदा धरून ठेवणारे बोल्ट मुतानं गंजून फुगले होते. लोखंडाला लोखंड टेकत होतं ते फक्त दिसायला; गंजातून आणि लाकडातून करंट जाणार कसा?

"म्हंजी करंटाला जायला वाट दिली," शीला गाडीखालूनच म्हणाली, "परत यायला दिलीच नाय. मंग तो घुसतो ज्याच्या-त्याच्या घरात. इंडिकेटरच्या बी."

चांदपाशांनी पिशवीतून एक लांब वायर काढली. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं तिच्या हातात दिलं. तिनं ते काळ्या वायरीच्या कडीला टेकवलं आणि त्रिंबकला ब्रेक दाबायला सांगितलं. मागचे दोन्ही दिवे असे लाल भडकले की दिवसाउजेडी भिंतीवर उजेड पडला.

"बरोबर बोलल्या," चांदपाशा म्हणाले. "चार बार मैंने वो बोल्ट कसा. बोल्टच्या खाली बघितलंच नाय."

मग तिनं काळ्या वायरीला स्वतःचा रस्ता दिला. हौद्याचा भरवसा सोडून, जुडीबरोबरच परत पुढं आणून, गिअरबॉक्सजवळ चासीचा कोरडा भाग घासून चकचकीत केला आणि तिथं कडी कसली. वर ग्रीस फासलं. या सगळ्यात अर्धा तास गेला. दगडाबाईला दाखवायचं तर तिनं खुर्ची नको म्हटलं. गाडीच्या मागं दहा पावलांवर जाऊन ती जमिनीवरच बसली, पट्टी भुवयांच्या वर सरकवली आणि लेकाला वीस वेळा तरी ब्रेक दाबायला लावला. मध्येच डावा इंडिकेटर, मग उजवा, मग दोन्ही नको, नुसता ब्रेक. तिचं समाधान झालं तेव्हा ती उठली आणि पोरीच्या हाताला लागलेलं ग्रीस आपल्या पदरानं पुसलं. पदर खराब होतोय, असं शीला म्हणाली. म्हातारी पुसतच राहिली.

पुढच्या बाजारी चांदपाशांनी मेंढरांचे आणखी तीन पिकप बघितले. तिन्हींच्या खाली तोच हिरवा भुगा. त्यांनी शीलाला फोन केला. मी जोडत बसण्यापेक्षा तुम्ही बांधून पाठवा, बसवायचं काम माझं, असं त्यांचं म्हणणं. तिनं बन्सीला विचारलं नाही, सांगितलं. बन्सीनं सुट्टीच्या दिवशी भिंतीला फळी ठोकून दिली.

आता शीलाच्या चिकलठाण्याच्या दोन खोल्यांत बाहेरच्या खोलीची एक भिंत फळीचीच आहे. बंद पडलेल्या लाइनवरच्या दोन बायका दुपारी येऊन तिच्याबरोबर बसतात. आठवड्यातून एकदा शीला पॅसेंजरनं लासूरला जाते, पोतं अंथरून गाड्यांखाली शिरते, सुतळीला गाठी मारते. मागच्या महिन्यात चांदपाशांच्या ठेल्यावर अजिंठ्याकडचा एक बकरीवाला आला होता. त्याला घाई होती. एकच वायर तुटलीय, तेवढी जोडून द्या म्हणत होता. शीला त्याच्या गाडीखालून बाहेर आली आणि हात झटकत म्हणाली, "जोड मिळायचा नाय. बुधवारी या. नवं घेऊन जा."

तो कुरकुरला, त्यानं चांदपाशांकडं बघितलं. चांदपाशांनी चष्म्याची काडी नीट केली आणि आपल्या कामात डोकं घातलं. बुधवारी तो आला.