छातीत दुखतंय लग्नापासून

अंधेरीच्या कंपनीत मेडिक्लेमचं टेबल माझ्याकडे आहे. कुणी अ‍ॅडमिट झालं की मला फोन येतो, आणि कॅशलेसची मंजुरी कशी येते हे मी असं समजावतो की ऐकणाऱ्याला वाटावं, बायपास मीच करणार आहे. नव्या लोकांपुढे माझं एक भाषण ठरलेलं: डॉक्टरने ‘त्रास कधीपासून?’ विचारलं की नीट आठवून सांगा, कारण आईवडिलांचा जुना आजार पॉलिसीत पहिल्या वर्षी चालत नाही. लोक माना डोलावतात. माझ्या आईवडिलांची नावं मी ह्याच वर्षी घातली होती. पण घरी माझं भाषण ऐकतंय कोण?

शिवाय वसईतल्या आमच्या गिरीज गावात सरळ उत्तर देणं म्हणजे शिष्टपणा. ‘कसे आहात?’ म्हटलं तर ‘सिमेट्रीत अजून जागा मिळत नाही’ असं उत्तर येतं, आणि विचारणारा हसून पुढे जातो. आई तर ह्यात गावाला ऐकणार नाही. एका रविवारी चर्चमधल्या मिसाहून येताना तिच्या छातीत कळ आली, घामाने ती चिंब झाली. रिक्षात घालून आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. मी खिडकीवर ऐटीत मेडिक्लेमचं कार्ड काढत होतो, तेवढ्यात आत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, “मावशी, छातीत कधीपासून दुखतंय?”

आईने तशातही पप्पांकडे बोट दाखवलं. “ह्यांच्याशी लग्न झालं तेव्हापासून.”

बाई वसईच्या नव्हत्या. लग्नाला किती वर्षं झाली, हे त्यांनी विचारून घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं: छातीत दुखणं, चव्वेचाळीस वर्षांपासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी अँजिओप्लास्टी ठरली. सकाळी मंजुरीऐवजी विमावाल्यांचा प्रश्न आला: आजार जुना दिसतो, खुलासा करा. मंजुरी नाही तर सगळी रक्कम आधी भरा, असं हॉस्पिटल म्हणत होतं, आणि आमच्या वाडीतली सगळी केळी विकली असती तरी तेवढी जमली नसती. मी विमा कंपनीत फोन लावला. एरवी जिच्याशी साहेबी आवाजात बोलतो त्याच मुलीला गयावया करत म्हणालो, “अहो, ती मस्करी होती.”

“सर, मस्करी होती असं लेखी लागेल. डॉक्टरांचं आणि पेशंटचं.”

लेखी लागेल! हे वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल.

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या ओशाळल्या, त्यांनी लगेच दुरुस्ती लिहून दिली. आईचं निवेदन मी खरडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा मागितला, मोठ्याने वाचलं: “लग्न झाल्यापासून कालपर्यंत मला कसलाही त्रास नव्हता.”

‘छातीचा’ हा शब्द गडबडीत राहून गेला होता. लोकांचे फॉर्म तपासून परत पाठवणारा मी!

“ह्यावर सही करू?” आई म्हणाली. “आधी कन्फेशनला फादरना बोलाव. एवढं मोठं खोटं घेऊन मी आत जाणार नाही.”

“आई, वेळ नाही गं,” मी जवळजवळ रडतच म्हणालो. तेव्हा तिने सही केली.

पप्पा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी कागद घेतला, सावकाश वाचला आणि मला म्हणाले, “ह्याची एक झेरॉक्स काढ.” मला वाटलं, फाइलला हवी असेल.

दुपारी मंजुरी आली, आईला आत नेलं. मी पप्पांना सांगायला गेलो तर ते बाकावर ती झेरॉक्स घेऊन बसलेले.

“पप्पा, मंजुरी आली.”

“ह्यावर तिने मेडिक्लेमसाठी सही केली,” ते म्हणाले, “का खरंच?”

पॉलिसीतला कुठलाही नियम विचारा, मी झोपेत सांगेन. हा प्रश्न पॉलिसीतला नव्हता. मी म्हणालो, “बाहेर आली की तिलाच विचारा.”

“नाही विचारणार,” पप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “काय बोलायचं ते बोलू दे. नुसती बाहेर येऊ दे.”